आलू–अळिंबीचा सावजी रस्सा : चव, पोषण आणि सावधगिरी

मृगाचे पाऊस स्थिरावले, शेतांच्या बांधांवर गवत उगवू लागले की विदर्भातील बाजारांत थोड्या दिवसांसाठी एक निराळीच भाजी दिसू लागते. पळसाच्या पानांवर किंवा टोपलीत मांडलेली, पांढुरकी, मातीचा वास असलेली ही भाजी म्हणजे सात्या. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात वारुळांवर उगवणारी ही रानातील अळिंबी नागपूरच्या बाजारातही येते आणि भाव चढा असूनही हां हां म्हणता संपते. याच सुमारास श्रावण सुरू होतो. एरवी सामिष भोजन करणाऱ्या अनेक घरांत महिनाभर मांस वर्ज्य असते. अशा दिवसांत पोटभरीचा, झणझणीत, भाकरीशी ओरपता येईल असा रस्सा हवा असल्यास सात्या आणि आलू यांची जोडी गृहिणींना हटकून आठवते.

आता सात्यांच्या हंगामाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. शेतीतील काडावर वाढविलेली धिंगरी आणि कारखानी पद्धतीने वाढविलेली बटन अळिंबी शहरांत बाराही महिने मिळते. तथापि, अळिंबीविषयी दोन समजुती समाजात बळावल्या आहेत. अळिंबी म्हणजे शाकाहारी माणसाचे मटणच होय, ही पहिली. आणि रानात उगवलेली अळिंबी घरगुती परीक्षेने पारखून घेता येते, ही दुसरी. पहिलीमुळे आहारात उणीव राहू शकते. दुसरीमुळे जीव जाऊ शकतो. म्हणून आलू–अळिंबीच्या रश्श्याची कृती पाहत असतानाच या दोन्ही समजुतींची तपासणी करणे उचित ठरेल.

सावजी रश्श्याची परंपरा

नागपूरचा सावजी रस्सा ही मुख्यत्वे हलबा कोष्टी या विणकर समाजाची देणगी आहे. हातमागाचा व्यवसाय मंदावत गेला तेव्हा या समाजातील काही कुटुंबांनी खाणावळी सुरू केल्या आणि घरातील मसाला शहरभर पसरला. सावजी म्हटले की मटण डोळ्यांसमोर येते. परंतु मांसाविना रस्सा करण्याची रीतही या स्वयंपाकात तितकीच रुजलेली आहे. बेसनाच्या वड्या तिखट रश्श्यात सोडून केलेली पाटोडी हे त्याचे ठळक उदाहरण होय. आलू–अळिंबीचा रस्सा त्याच वाटेने जातो.

या रश्श्याचे सामर्थ्य केवळ मिरचीत आहे, असा समज आढळतो. तिखटाला नागपूर जिल्ह्यात तोटा नाही. भिवापूरच्या मिरचीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु रश्श्याला अंग येते ते भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस आणि काही घरांत वापरले जाणारे भाजलेले ज्वारीचे पीठ यांमुळे. त्यामुळे लहान मुलांसाठी व वृद्धांसाठी मिरची निम्म्याने कमी केली तरी रस्सा फिका पडत नाही. मसाल्यातील दगडफूल हा तर अळिंबीचा दूरचा आप्तच म्हणावा लागेल. कारण दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांच्या सहजीवनातून निर्माण झालेला जीव होय.

मांसासारखी चव कशामुळे?

अळिंबी ही वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसते. कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर किंवा अन्य जिवांच्या आश्रयाने ती पोसली जाते. जमिनीवर दिसणारी छत्री हे तिचे फळ असून मूळ शरीर धाग्यांच्या जाळ्याच्या रूपाने आत पसरलेले असते. सात्यांच्या बाबतीत हे जाळे वाळवी आपल्या वारुळात स्वतः जोपासते. म्हणूनच सात्यांची लागवड शेतात किंवा खोलीत करण्याची व्यवहार्य पद्धत आजवर साधलेली नाही. वारूळ फोडले की त्या ठिकाणचे पुढील वर्षांचे पीकही हातचे जाते, हे सात्या गोळा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

अळिंबीत ग्लुटामेट हे रुची वाढविणारे द्रव्य निसर्गतःच असते. मांसाच्या रश्श्यात जी भरीव, जिभेवर रेंगाळणारी चव लागते, तिच्या मुळाशी याच प्रकारची द्रव्ये असतात. दुसरे कारण पोताचे. भाज्यांच्या पेशी ज्या द्रव्याने जोडलेल्या असतात ते शिजताना विरघळते आणि भाजी मऊ पडते. अळिंबीच्या पेशींची भिंत मात्र कायटिनची असते व कायटिन उष्णतेने विरघळत नाही. त्यामुळे अर्धा तास उकळूनही अळिंबी दाताखाली लागते. मांस खाल्ल्याचा भास होतो तो या दोन गुणांमुळे.

आधी ओळख, मग स्वयंपाक

पावसाळ्यात उकिरड्यावर, गवतात, झाडाच्या बुंध्याशी नाना प्रकारच्या छत्र्या उगवतात. त्यांतील काही खाद्य, काही पोट बिघडविणाऱ्या, तर काही प्राणघातक असतात. चांदीचे नाणे किंवा लसूण सोबत उकळून ते काळे पडते काय, हे पाहण्याची रीत अनेक ठिकाणी प्रचलित आहे. किड्यांनी वा जनावरांनी कुरतडलेली अळिंबी निर्धोक असते, असेही समजले जाते. या सर्व परीक्षा निराधार आहेत. अमानिटा वर्गातील घातक अळिंबीचे विष चांदी काळी करीत नाही, तिची चव वाईट लागत नाही आणि ती कितीही उकळली वा वाळविली तरी ते विष नष्ट होत नाही.

या विषाचा विशेष धोका असा की, लक्षणे उशिरा दिसतात. खाल्ल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात. त्यानंतर एखादा दिवस रुग्णाला आराम पडल्यासारखे वाटते आणि घरची माणसे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात याच काळात यकृताची हानी चाललेली असते. म्हणून रानातील अळिंबी खाल्ल्यानंतर अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागविता येते. उरलेली अळिंबी किंवा शिजविलेल्या अन्नाचा अंश कागदात गुंडाळून सोबत द्यावा, म्हणजे निदानास मदत होते. ज्यांनी तेच अन्न खाल्ले आहे परंतु ज्यांना अद्याप त्रास झालेला नाही, त्यांचीही तपासणी करवून घ्यावी.

हिरवळीवर उगवणारी, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असणारी एक मोठी अळिंबीही अनेकांना फसविते. टोपीखालचे तिचे पापुद्रे पक्व झाल्यावर हिरवट होतात. कोवळेपणी मात्र ती खाद्य अळिंबीसारखीच दिसते व खाल्ल्यावर काही तासांतच तीव्र उलट्या होतात.

सात्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या वनवासी बंधुभगिनींचे ज्ञान मोलाचे आहे. परंतु ते चित्रावरून किंवा वर्णनावरून उसने घेता येत नाही. ज्याला तशी खात्रीची ओळख नाही त्याने धिंगरी, बटन किंवा दुधी यांसारखी लागवडीची अळिंबीच वापरावी, हा नियम सर्वांत सुरक्षित होय.

साहित्य

पाच माणसांच्या रश्श्यासाठी आलू अर्धा किलो, धिंगरी किंवा बटन अळिंबी ४०० ग्रॅम, हरभरे १५० ग्रॅम आणि मध्यम आकाराचे कांदे ३ घ्यावेत. हरभरे आदल्या रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवून ठेवावेत. वाटणासाठी सुके खोबरे ४० ग्रॅम, खसखस २ मोठे चमचे, ज्वारीचे पीठ १ मोठा चमचा, लसणाच्या १० ते १२ पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढे आले पुरेसे होते. मसाल्यासाठी धणे २ मोठे चमचे, जिरे १ लहान चमचा, मिरे ८, लवंगा ४, दालचिनीचा एक तुकडा, तमालपत्रे २, मसाला वेलदोडा १ आणि चिमूटभर दगडफूल घ्यावे. याशिवाय लाल तिखट आपल्या सवयीप्रमाणे १ ते २ लहान चमचे, हळद, मीठ, तेल ४ मोठे चमचे आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, लागेल.

सावजी स्वयंपाकात पूर्वापार जवसाचे तेल वापरीत असत. ते ताजे मिळाल्यास जरूर वापरावे. मात्र हे तेल लवकर खवट होते, म्हणून थोडेच आणावे. एरवी शेंगदाण्याचे तेल चालते.

आलू हिरवे पडलेले किंवा कोंब फुटलेले नसावेत. उजेडात राहिल्याने हिरव्या झालेल्या आलूत सोलॅनिन हे अपायकारक द्रव्य वाढते आणि ते शिजविल्याने जात नाही. किंचित हिरवट भाग खोलवर कापून टाकावा. आलू जास्त हिरवा वा कडवट असल्यास तो वापरू नये. अळिंबी कोरडी व टणक असावी; चिकट झालेली, वास मारणारी अळिंबी फेकून द्यावी. आणलेली अळिंबी कागदी पिशवीत घालून शीतकपाटात ठेवावी आणि २–३ दिवसांत संपवावी.

कृती

प्रथम खडा मसाला मंद आचेवर कोरडाच भाजावा. वास सुटू लागताच तो काढून त्याच तव्यावर खोबरे, मग खसखस आणि शेवटी ज्वारीचे पीठ बदामी होईतो परतावे. खसखस व पीठ फार लवकर करपतात, म्हणून ती मसाल्याबरोबर एकत्र भाजू नयेत. दोन कांदे विस्तवावर किंवा थोड्या तेलात काळपट तांबूस भाजून घ्यावेत. हे सर्व आले–लसणासह थोडे पाणी घालून गंधासारखे बारीक वाटावे. पाट्यावर वाटल्यास उत्तम; नसल्यास मिक्सर चालेल.

अळिंबी पाण्यात भिजत घालू नये. वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन कापडावर पसरावी. धिंगरीचे चिवट देठ कापून टाकावेत आणि बाकीचा भाग धाग्यांच्या दिशेने हातानेच लांबट फाडावा. बटन अळिंबी असल्यास तिच्या चार फोडी कराव्यात. अळिंबीत वजनाच्या सुमारे नऊ दशांश पाणी असते. ती थेट रश्श्यात टाकली तर हे पाणी रश्श्यात उतरते व अळिंबी रबरासारखी व बेचव लागते. याकरिता रुंद कढई चांगली तापवून तीत अळिंबी तेल व मीठ न घालता मोठ्या आचेवर परतावी. आधी पाणी सुटेल, मग ते आटेल. यास ६ ते ८ मिनिटे लागतात. पाणी पुरते आटल्यावर एक चमचा तेल सोडून कडा तांबूस होईपर्यंत परतावे आणि अळिंबी बाजूस काढावी. या रश्श्याची निम्मी चव या पायरीवर ठरते.

आलू सोलून प्रत्येकी चार मोठ्या फोडी कराव्यात व थोड्या तेलात सर्व बाजूंनी सोनेरी परताव्यात. असे केल्याने फोडी रश्श्यात विरघळून जात नाहीत. त्या काढून उरलेल्या तेलात तिसरा कांदा बारीक चिरून परतावा, हळद व तिखट घालावे आणि लगेच वाटण घालावे. वाटण मंद आचेवर, मधून मधून पाण्याचा हबका मारीत, तेल सुटेपर्यंत परतणे आवश्यक आहे. यास १० ते १२ मिनिटे लागतात. येथे घाई केल्यास रस्सा कच्चट लागतो आणि मग कितीही उकळला तरी ते उणे भरून निघत नाही.

यानंतर आलूच्या फोडी, शिजलेले हरभरे, मीठ आणि ४ ते ५ वाट्या कढत पाणी घालून झाकण ठेवावे. सुमारे १५ मिनिटांत आलू शिजतील. दोन–तीन फोडी पळीने रश्श्यातच चिरडाव्यात; त्यांतील पिठूळ अंशाने रस्सा मिळून येतो. आता अळिंबी घालून आणखी ८ ते १० मिनिटे मंद उकळी द्यावी. आंबटपणा हवा असल्यास टोमॅटो किंवा चिंच आलू शिजल्यावरच घालावी. आंबटाच्या सान्निध्यात आलू लवकर मऊ होत नाही. तेलाचा तांबडा तवंग वर आला की सांबार भुरभुरून रस्सा उतरवावा. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड यांसह तो वाढावा.

उरलेला रस्सा नागपूरच्या उष्ण हवेत बाहेर राहू देऊ नये. तो लवकर निववून शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळूनच खावा. ज्यांनी पूर्वी अळिंबी कधी खाल्लेली नाही त्यांनी पहिल्या वेळी ती थोडीच खावी. काहींना ती मानवत नाही.

पोषणाचा हिशेब

आता पहिल्या समजुतीकडे वळता येईल. १०० ग्रॅम ताज्या अळिंबीत सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात, तर १०० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम. अळिंबीत पाणीच फार असल्याने हे अंतर पडते. आलूत प्रथिने आणखी कमी, सुमारे २ टक्के; त्याचे काम ऊर्जा पुरविण्याचे आहे. वरील रश्श्यातून हरभरे वगळले तर प्रत्येक माणसाच्या वाट्याला अंदाजे ६ ते ७ ग्रॅम प्रथिने येतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला दररोज ५४ ग्रॅम व ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत. या गरजेच्या मानाने नुसता आलू–अळिंबीचा रस्सा तोकडाच पडतो.

हरभरे घातल्याने मात्र चित्र पालटते. १५० ग्रॅम हरभऱ्यांमुळे प्रत्येकाच्या ताटात ५ ते ६ ग्रॅम प्रथिनांची भर पडते आणि ज्वारीच्या दोन भाकरींतून आणखी १० ते १२ ग्रॅम मिळतात. असे एक जेवण दिवसाच्या गरजेच्या निम्म्याजवळ पोहोचते. शिवाय, कडधान्य व तृणधान्य एकत्र खाल्ल्याने एकातील उणीव दुसरे भरून काढते. म्हणजे मटणासारखी चव अळिंबी देते, परंतु मटणाची जागा भरून काढण्याचे काम हरभरे आणि भाकरी करतात. घरात वाढती मुले किंवा गरोदर स्त्री असेल तेथे हरभऱ्याला फाटा देऊ नये.

अळिंबीचे स्वतःचे गुणही दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. तिच्यात ब गटातील काही जीवनसत्त्वे व पोटॅशियम असून स्निग्धांश अत्यल्प असतो. कापलेली अळिंबी थोडा वेळ उन्हात ठेवल्यास तिच्यातील एका द्रव्याचे ड जीवनसत्त्वात रूपांतर होते. मात्र मांस–दुधातून मिळणाऱ्या ब–१२ जीवनसत्त्वासाठी अळिंबीवर विसंबता येत नाही. त्याकरिता दूध, दही, ताक आहारात असावे.

गावातच पिकणारी अळिंबी

रानातील अनोळखी अळिंबीचा मोह टाळावयाचा तर ओळखीची अळिंबी गावातच उपलब्ध झाली पाहिजे. धिंगरीची लागवड त्या दृष्टीने सोयीची आहे. पूर्व विदर्भात भाताचा पेंढा आणि नागपूर परिसरात गहू व सोयाबीनचे काड विपुल असते. बारीक कापलेले काड रात्रभर भिजवून सुमारे ८० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, निथळून थंड करतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत थरांथरांनी बियाणे पेरून भरतात. अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत १५ ते २० दिवसांत बुरशीचे पांढरे जाळे काडभर पसरते. मग पिशवी काढून दिवसातून दोन–तीन वेळा पाणी फवारीत राहिल्यास थोड्याच दिवसांत पहिली तोडणी मिळते व पुढे आणखी एक–दोन तोडण्या होतात. एक किलो कोरड्या काडापासून साधारणतः अर्धा किलो किंवा त्याहून अधिक ताजी धिंगरी निघते. उरलेले काड खतास उपयोगी पडते.

धिंगरीला २० ते ३० अंश तापमान मानवते, म्हणून नागपूरकडे पावसाळा व हिवाळा हे तिचे दिवस होत. कडक उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या काळात दुधी अळिंबी अधिक तग धरते. न विकलेली धिंगरी वाळवून ठेवता येते. दहा किलो ताज्या मालाचा सुमारे एक किलो सुका माल होतो व कोमट पाण्यात भिजविल्यावर तो रश्श्यात उत्तम लागतो. तोडणीच्या वेळी हवेत उडणाऱ्या सूक्ष्म बीजाणूंमुळे खोकला होऊ शकतो, म्हणून नाका–तोंडावर कापड बांधावे. बियाणे मात्र कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र अशा विश्वसनीय ठिकाणाहूनच घ्यावे.

या कामी ग्रामपंचायत आणि शाळा यांचा वाटा मोठा आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत रानातील अळिंबीच्या विषबाधेची लक्षणे समजावून सांगता येतील. महिला बचत गटांना लागवडीच्या प्रशिक्षणाची वाट दाखविता येईल. शिक्षकांनी मुलांना एवढे जरी बजावले की रानातून आणलेली छत्री आई–आजीने ओळखल्याखेरीज चुलीवर चढू द्यायची नाही आणि त्यांनाही तिळमात्र शंका वाटली तर ती फेकून द्यायची, तरी पुष्कळ साधेल. मग श्रावणातल्या एखाद्या संध्याकाळी गावच्याच काडावर वाढलेली धिंगरी, आलू व हरभऱ्यांसह रश्श्यात रटरटू लागेल, तेव्हा ताटावर बसणाऱ्यांच्या मनात धास्तीला जागा राहणार नाही.